जवळच राहणारी मुलगी

“मी पडलेय गं स्वयंपाकघरात,” फोनवर आजीबाई म्हणाल्या. “उठताच येत नाहीये. तू जवळच राहतेस ना, जरा येऊन जातेस?”

जवळ म्हणजे किती, तर मध्ये दोन-तीन समुद्र आणि कितीतरी देश. फोन घेणारी मुलगी बसली होती तो कॉल सेंटरचा पाचव्या मजल्यावरचा हॉल. खुर्चीला खुर्ची लागलेली, प्रत्येकाच्या कानाला हेडफोन. बाहेर ऊन रणरणत होतं. तिच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात मात्र इंग्लंडमधल्या एका लहानशा गावाचं हवामान होतं. दोन अंश, दाट धुकं.

घर उबदार ठेवणारे बॉयलर विकणाऱ्या एका कंपनीच्या तक्रारी या हॉलमध्ये घेतल्या जात. आजीबाईंचा बॉयलर सारखा रुसायचा, त्यामुळे त्यांचा फोन ठरलेला आणि मागणीही ठरलेली, त्याच मुलीला द्या. कारण आजीबाईंच्या लेखी ती मुलगी तिथलीच होती. कामावर घेतल्या घेतल्या कंपनीच्या प्रशिक्षण देणाऱ्या मास्तरीणबाईंनी सगळ्यांचं बारसं उरकलं होतं, प्रत्येकाला एकेक इंग्रजी नाव दिलं होतं, आणि मग इंग्लंड घोटून घेतलं होतं. नद्या, परगणे, राजे-राण्या, पार्लमेंटची दोन सभागृहं, चहात दूध आधी की नंतर यावरून होणारे वाद. सगळ्यात कडक नियम एकच, आपण कुठून बोलतो ते सांगायचं नाही. सांगितलं की त्याच दिवशी नारळ.

बाकीच्यांनी पोपटपंची केली, हिनं जीव ओतला. आजीबाईंचं गाव तिनं इंटरनेटवरच्या फोटोंतून गल्लीबोळांसकट पालथं घातलं, आणि लायब्ररीकडची चढण चढताना आपल्यालाही धाप लागते असं एकदा बिनदिक्कत ठोकून दिलं. आजीबाई केवढ्या खूश झाल्या होत्या तेव्हा. हुशारी अंगाशी येते ती अशी.

“आजी, आधी फोन ठेवा आणि नऊ-नऊ-नऊ लावा. अँब्युलन्स येईल.”

छे, त्यांना कशाला त्रास, असं आजीबाईंचं म्हणणं पडलं. खरी आजारी माणसं सोडून त्यांनी एका म्हातारीला उचलायला यायचं म्हणजे काय. पाय थोडासा दुखतोय. गारठाही थोडासा आहे, बॉयलर कालपासून बंदच आहे ना. तू आलीस की झालं. हे लोक थोडंसं म्हणाले की बरंच समजायचं, हे मास्तरीणबाईंनीच शिकवलं होतं.

तिनं हात हलवून साहेबांना बोलावलं. इथून तो तीन आकड्यांचा नंबर लागण्यातला नव्हता. साहेबांनी आजीबाईंच्या गावच्या पोलिसांचा लांबलचक नंबर शोधला, दुसऱ्या फोनवरून लावला, आणि तिकडे संगीत सुरू झालं. आपल्या ग्राहकांना ऐकवतात तसलंच, कृपया प्रतीक्षा करा. फोन खांद्याशी धरून साहेबांनी तिच्याकडे बघत ओठांवर बोट ठेवलं. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याही डोक्यावर साहेब होते.

आजीबाईंचा आवाज आता रेंगाळायला लागला होता. शब्द मध्येच थांबत होते, आणि थांबलेल्या जागी दातांची थडथड ऐकू येत होती. नोकरी गेली तर गेली, तिनं मनाशी म्हटलं.

“आजी, मी तिथं नाहीये. कधीच नव्हते. मी फार लांब आहे, दुसऱ्या देशात. मला येता येणार नाही.”

आजीबाई हसल्या. अगं, थट्टा कसली करतेस, म्हणाल्या. लायब्ररीची चढण काय दुसऱ्या देशातून चढतेस?

मग तिनं तो कमावलेला आवाज टाकून दिला. तेच इंग्रजी, पण आपल्या खऱ्या आवाजात, घरी आईशी बोलते त्या हेलात तिनं सगळं पुन्हा सांगितलं. खरं नाव सांगितलं. सांगता सांगता तिला रडू फुटलं.

शेजारच्या टेबलावरचा मुलगा आपला ग्राहक सोडून हिच्याकडेच बघत राहिला.

“तू कोण गं?” आजीबाईंनी विचारलं. त्या घाबरल्या होत्या. “मघाच्या मुलीला दे ना फोन. ती जवळच राहते. तिला म्हणावं, दार नुसतं ढकललं तरी उघडतं.”

तिनं साहेबांकडे पाहिलं. संगीत अजून चालूच होतं. तिनं डोळे पुसले, घसा साफ केला, आणि तो जुना आवाज पुन्हा लावला.

“मीच बोलतेय, आजी. मघाशी लाइनवर भलतंच कोणीतरी आलं होतं.”

“आलीस होय,” आजीबाईंना केवढं हायसं वाटलं.

“हो. मी निघालेच आहे. पण तुम्हाला उचलायला माझ्या एकटीच्यानं व्हायचं नाही. फोन ठेवा, नऊ-नऊ-नऊ लावा आणि दोन माणसं बोलावून घ्या. एवढं माझ्यासाठी करा.”

“तुझ्यासाठी करते,” आजीबाई म्हणाल्या. “पण तू येतेस ना नक्की?”

“येते.”

फोन ठेवल्याचा आवाज आला. स्क्रीनवरचं तापमान दोन अंशांवरून एकवर आलं. पुढच्या ग्राहकाचा दिवा लुकलुकायला लागला, तिकडे तिचं लक्षच नव्हतं. तिनं हेडफोन काढला, ड्रॉवरमधून पर्स घेतली, खांद्याला लावली, लगबगीनं उठली. आणि मग खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तिथंच उभी राहिली.