लिहिणाऱ्याने वर बघायचं नाही

"अकरा," दुर्बीणकाका म्हणाले, आणि काकूंनी अकरा लिहिले.

बाराला दहा मिनिटं होती. टेकडीच्या माथ्यावर दोन घडीच्या खुर्च्या, एक थर्मास आणि काकूंच्या मांडीवर तक्ता. थंडीच्या आधी दक्षिणेकडे निघालेले गरुड आणि ससाणे याच टेकडीवरून जातात, आणि अठरा वर्षं दर शरदात हे नवरा-बायको ते मोजत आले होते. त्यांनी बघायचं, हिने लिहायचं. काकांनी पहिल्याच दिवशी नियम घालून दिला होता: लिहिणाऱ्याने वर बघायचं नाही. दोघांनी बघितलं की एकच पक्षी दोनदा मोजला जातो. त्यामुळे काकूंनी आजवर हजारो गरुड लिहिले होते, पण धड पाहिला एकही नव्हता.

आज मोजणीचा शेवटचा दिवस. हे अकरा धरून यंदाची बेरीज अठराशे एकोणचाळीस झाली. दोन हजारांच्या आत राहिली, तर या माथ्यावर पवनचक्क्या उभ्या राहणार होत्या. पुढे गेली, तर नाही. तसं सरकारी पत्रच आलं होतं. बाराला तक्ता न्यायला जीपही आली होती. काका आठवडाभर नीट जेवले नव्हते.

जीपचा ड्रायव्हर किल्ली फिरवत उभा होता. त्याने सहज वर पाहिलं.

"बापरे, केवढे हे!"

"घारी आहेत त्या," काका डोळ्यांवरची दुर्बीण न काढताच म्हणाले. "इथल्याच. त्या धरत नाहीत आम्ही."

"पण काका, सगळ्या एकाच दिशेला चालल्यात."

"तू जीप चालव. मोजायचं मी बघतो."

"असतील बुवा घारी," ड्रायव्हर म्हणाला. त्याच्या बापाचं काय जात होतं?

काकूंनी वर पाहिलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा, तेही चोरून, ऊन अडवल्याचं निमित्त करून.

आभाळ भरलं होतं. पंख न हलवता, कसलीच घाई नसल्यासारखे, एकामागून एक ते टेकडी ओलांडत होते. इथल्या घारी अशा सरळ जात नाहीत, घिरट्या घालून तिथेच येतात, हे काकांनीच चहा पिताना शंभरदा सांगितलं होतं. मोठा थवा कसा मोजायचा तेही त्यांनीच सांगितलेलं: आधी दहा मोजायचे, मग तेवढा तुकडा नजरेने उचलून पुढे पुढे ठेवत जायचा. काकूंनी दहा मोजले. तुकडा अठरा वेळा पुढे ठेवून झाला, तरी मागून येतच होते.

म्हणजे दोन हजार कधीच ओलांडून झाले होते.

सहा वर्षांपूर्वी काकांनी घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केलं. हल्ली घड्याळं कोण दुरुस्त करून घेतं, म्हणाले. पक्षीही नेमके त्याच वर्षापासून कमी झाले. चार हजार, मग तीन, मग अडीच. पक्षी संपत चाललेत असं काका सभांमधून सांगायचे, लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे. आणि घरी त्यांचा चहा गेली दोन वर्षं काकूच ओतत होत्या, कारण त्यांनी ओतला की निम्मा बशीत. एवढं रोज समोर दिसत होतं. काकूंना स्वतःचाच संताप आला.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "एकदा परत बघा ना."

"का?"

"बघा तर खरं."

काकांनी दुर्बीण खाली घेतली. ते बोलले काकूंशी, पण पाहत होते त्यांच्या खांद्याच्या जरा बाजूला.

"तू वर बघितलंस?"

ड्रायव्हरची किल्ली फिरायची थांबली. काकूंना पुढचं सगळं दिसलं. या माणसाने जन्मात नाकावर माशी बसू दिली नव्हती, आणि उद्या गावभर होणार: आंधळा मोजत होता आणि बायको लिहीत होती.

"नाही," त्या म्हणाल्या.

"मग अकराच."

तक्त्यावर दोन सह्या लागत. काकांची सही रेघ सोडून खाली घसरली. काकूंनी आपली बरोबर रेघेवर केली. ड्रायव्हरने तक्ता घडी करून खिशात घातला, आभाळाकडे एकदा पाहिलं आणि जीप सुरू केली.

काका खुर्चीतच बसून राहिले. जीपचा आवाज एका वळणाला कमी झाला, दुसऱ्या वळणाला थांबला.

"खरं सांग," मग ते म्हणाले. आवाज अगदी बारीक होता. "किती होते?"

म्हणजे यांना माहीत होतं. जीप खाली पोचेपर्यंत थांबून विचारत होते. संसारात कधी आली नव्हती एवढी चीड काकूंना आली. त्यांनी वर पाहिलं, या वेळी उघड, मान पूर्ण मागे टाकून. थव्याचं शेपूट अजून टेकडीवरून जात होतं.

त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट फिरवलं.

"अकरा," त्या म्हणाल्या.