सेनापतीचं पळणं

"अहो, दारात रोमन आलाय," निकारेतेने आत येऊन नवऱ्याला सांगितलं. "तोंडावरून तर भांडायलाच आलेला दिसतोय."

मेनेक्लेसने बोरू खाली ठेवला. एक ग्रीक, एक रोमन अशी थोरांची जोडचरित्रं तो लिहीत होता. वाचणाऱ्याने त्यांच्यावरून स्वतःला पारखावं म्हणून. नव्या जोडीचा मसुदा त्याने उन्हाळ्याआधीच त्यातल्या रोमन सेनापतीच्या नातवाला धाडला होता. जोडीतला ग्रीक एकदा रणातून पळाला होता. मेनेक्लेसने ते लपवलं नव्हतं, म्हणून गावातले लोक अजून टोमणे मारत होते, "आपल्याच माणसाची अब्रू काढलीस की रे!" रोमन सेनापतीने मात्र कधी पाठ दाखवली नाही, असं त्याने लिहिलं होतं.

दारात आलेला रोमन म्हणजे तोच नातू, चाळिशीचा व्हिबियस. तो बसला नाही. मसुदा उलगडून त्याने नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं.

"हे खोटं आहे."

मग कमरेच्या पट्ट्यातून एक पिवळं पडलेलं पत्र काढून पुढे केलं. सेनापतीने बायकोला लिहिलेलं. मेनेक्लेसने वाचलं : 'आज ढाल टाकून पळालो. ओढ्यापाशी बसून रडलो. आता परत चाललोय.'

"कुठे होतं हे?"

"आईजवळ. गेल्या महिन्यात ती गेली, जाताना माझ्या हातात दिलं." व्हिबियसचा आवाज खाली आला. "गुरुजी, एका लढाईत माझे हातपाय गळाले. तेव्हापासून आजाराचं सोंग करून वर्षभर घरी बसलोय. अंगणात आजोबांचा पुतळा आहे. त्याच्यासमोरून जायची लाज वाटायची."

"आणि आता?"

"उद्या जहाज आहे. तुकडीत परत चाललोय."

निकारेतेने न विचारताच पाव आणि ऑलिव्ह आणून ठेवले. तो उभ्याउभ्याच खाऊ लागला.

मेनेक्लेसने शाई पुसायचा ओला बोळा उचलला, पण ओळ पुसायला त्याचा हात धजेना. डाग झाका म्हणून विनवायला आजवर कितीतरी घराणी या दारात आली होती. दाखवा म्हणून कुणीच आलं नव्हतं.

"नीट विचार करा," तो म्हणाला. "अख्खं रोम वाचेल. तुमच्या घराण्याच्या नावाचा प्रश्न आहे."

व्हिबियसने तोंडातला घास गिळला.

"लिहा. माझे दोन मुलगे त्याच अंगणात वाढतायत."