दोन-दोनची माळ

"वहिनी, दादा गेला, आता हट्ट पुरे. आज दिवा लागला नाही तर कुलूप लावून शहरात चला," दीर अंगणातून ओरडला. ती छपरावर वायरी सोलत होती. डोंगरावरच्या या घरापर्यंत विजेची तार पोचलीच नव्हती. गेल्या महिन्यात दिरानेच चारही सोलर पॅनल एका माळेत ओवले. एकशेसाठ व्होल्ट उसळले आणि शंभरच पेलणारा इन्व्हर्टर जळला. तरी आजही तो म्हणाला, "यंत्रच कच्चं होतं. पुन्हा तशीच माळ करा!" "तेव्हा तुमचं ऐकलं, भावोजी. आज यंत्राच्या पाठीवर छापलेल्या शंभराचं ऐकते." तिने दोन-दोन पॅनल ओवले आणि दोन्ही जोड्या शेजारीशेजारी बांधल्या. मीटरवर ऐंशी आले. खाली येऊन खटका दाबला. नवा इन्व्हर्टर मांजरासारखा गुरगुरला, दिवा लागला. "चहा घ्या, ऊन आहे तोवर उतरा. मला अजून पाण्याचा पंप जोडायचाय."