तळातलं पाणी

टाकीत बुडवलेली पट्टी वर आली तेव्हा जेमतेम बोटभर ओली होती. वेल्डरने ती पुसली, पुन्हा बुडवली, पुन्हा वर काढली. बोटभरच. सवयीने तो ओरडायला वळला आणि मग त्याच्या लक्षात आलं, की होडीवर ओरडायला कुणी नाही.

शिडाची ही लहानशी होडी म्हणजे त्याचा निवृत्तीनंतरचा संसार. झोपायला फळी, एक शेगडी, हातपंपाची मोरी आणि फळीखाली गोड्या पाण्याची पोलादी टाकी. टाकी त्याने स्वतः जोडली होती. उभा जन्म बॉयलर आणि पाइप जोडण्यात गेलेला, आणि त्याच्या हातचा जोड कधी पाझरल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. हे तो स्वतःच सांगायचा, कुणी न विचारता.

या टाकीपायी नवरा-बायकोची जेवढी भांडणं झाली तेवढी वादळापायीही झाली नसतील. दोघं समुद्रात गेली, की पाणी ठरल्याआधीच संपायचं. ती केस धुवायला बसली की हा बाहेरून फळीवर टकटक करायचा. भांडी खाऱ्या पाण्यात घासायची आणि शेवटी एक मग गोडं पाणी, असा नियम झाला. पुढे तो मगही अर्धा झाला. तरी पाणी संपायचंच. बंदरात उभं असताना टाकी त्याने कितीदा तरी तपासली होती. रात्री भरलेली टाकी सकाळी काठोकाठ तशीच. म्हणजे पाणी उधळणारं माणूसच, दुसरं कोण? शेवटी एकदा भर समुद्रात टाकी कोरडी पडली आणि तो बोलून गेला, “तुला हे झेपायचं नाही. तू आपली किनाऱ्यावरच बरी.” ती “बरं” म्हणाली. पुढच्या बंदरात पिशवी घेऊन उतरली आणि बहिणीकडे राहायला गेली.

तिचा फोन येईल अशी त्याची खात्री होती. एकदा ‘चुकलंच माझं’ म्हणावं तिने, की हा होडी वळवून घ्यायला जाणारच होता. त्याची तेवढीच तर अट होती. फोन काही आला नाही, आणि स्वतःहून करावा तर नाक कापलं जाणार. मग रेडिओवर हवामान सांगणाऱ्या बाईलाच तो मोठ्याने उत्तरं द्यायला लागला. तिला ती ऐकू जात नाहीत हे त्याला कळत होतं, पण बोलायला कुणीतरी हवं होतं. खरं तर त्याला बायको हवी होती.

आणि आता ही बोटभर पट्टी. दोघांचं पाणी, माणूस एक. त्याने धड आंघोळदेखील केली नव्हती. पाणी पूर्वीइतक्याच लवकर संपलं होतं.

सकाळपासून वारा एकाच बाजूने होता आणि होडी डाव्या अंगावर कलून चालली होती. त्याने पायाखालची फळी उचलली. तळात पाणी डुचमळत होतं. थोडंफार पाणी कुठल्याही होडीच्या तळात असतं, ते तो रोज न बघता उपसून टाकायचा. पण आज ते नेहमीपेक्षा कितीतरी जास्त होतं.

होडी चालवणाऱ्याला सगळ्यात आधी एक गोष्ट शिकवतात. तळात पाणी वाढलं की बोट बुडवून चाखायचं. खारट लागलं तर होडी फुटली. गोड लागलं तर टाकी. वेल्डरने ते आजवर कधीच चाखलं नव्हतं. टाकी त्याच्या हातची होती ना!

त्याने बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. पाणी गोड होतं.

दुसरा कुणी असता तर त्याचा जीव भांड्यात पडला असता. याला मात्र खारट असतं तर परवडलं असतं, असं वाटून गेलं. मग पालथं पडून त्याने टाकीमागे हात घातला. डाव्या कोपऱ्यातला जोड ओलाचिंब होता. त्याने शीड सैल सोडलं, होडी सरळ उभी राहिली आणि पाझर थांबला. शीड ताणलं, होडी कलली, सगळा भार त्या कोपऱ्यावर आला आणि पाणी पुन्हा निघालं. बंदरात सरळ उभ्या होडीत ते दिसणार कसं? तिच्या त्या अर्ध्या मगाची त्याला आठवण झाली आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

राखीव कॅनमधलं पाणी पुरवून पुरवून पीत त्याने होडी किनाऱ्याकडे आणली. फोनला रेंज येताच नंबर लावला. मेहुणीने उचलला.

“बरं झालं तुम्हीच फोन केलात, भावोजी. तिला जरा समजवा हो. आमच्याकडे दिवसभर धो धो पाणी, तरी ही बाई अर्ध्या बादलीत आंघोळ उरकते. परवा डोळ्यांत साबण गेला, तरी दुसरा तांब्या घेईना. थांबा, देते तिला.”

त्याने बरंच काही ठरवून ठेवलं होतं. तिचा ‘हॅलो’ ऐकताच त्याने ते सगळं बाजूला ठेवलं.

“अगं, टाकी गळत होती,” तो म्हणाला. “पहिल्यापासून. माझा जोड कच्चा होता.”

ती आता चिडेल, निदान फोन तरी आपटेल, म्हणून तो डोळे मिटून थांबला.

“म्हणजे...” तिने अगदी हळू विचारलं, “मी नव्हते हो संपवत?”