शेजारची जागा

हेलसिंकीच्या ट्रामच्या नियंत्रण कक्षात माझी दुपारपाळी असते. गाडीत कुणी दमदाटी करत असेल तर प्रवासी आम्हाला गुपचूप मेसेज करतात. तोंड उघडायचं आमच्या लोकांच्या जिवावर येतं.

तीन वाजता मेसेज आला. "चार नंबर, मागचा डबा. एक माणूस शाळकरी मुलीला धमकावतोय. पोलीस पाठवा. मी तिच्या शेजारीच बसलेय."

मी पोलिसांना कळवलं आणि डब्यातला कॅमेरा लावला. गच्च गर्दी. मुलगी खिडकीशी अंग चोरून बसलेली, तो माणूस तिच्यावर वाकलेला. शेजारी कुणीच नव्हतं.

"कुठे बसलीये ही बाई?" मी म्हणाले.

"परक्याला खेटून आपल्यात कोण बसतंय?" पलीकडच्या टेबलावरचा वेसा हसला. मग त्याचं हसू विरलं. "इलोना, ती घडीची खुर्ची आहे. वजन उठलं की आपोआप मिटते. बघ, उघडीच आहे."

तेवढ्यात त्या माणसाचं लक्ष खुर्चीकडे गेलं. तो मागे सरकला. त्याने टोपी काढली आणि दोन्ही हातांनी छातीशी धरली.

पुढच्या थांब्यावर पोलिसांनी त्याला उतरवलं. मुलगी उठली, खुर्चीकडे वळली, मान लववून गेली. मग खुर्ची सावकाश मिटली.

पुन्हा मेसेज. "सात नंबर, पुढचा डबा. एका आजोबांवर कुणी हात उगारतंय. निघालेच."

मी सात नंबरचा कॅमेरा लावला. वेसा आणि मी केव्हा उभे राहिलो, आम्हालाच कळलं नाही. आजोबांच्या शेजारची मिटलेली खुर्ची आमच्या डोळ्यांदेखत अलगद उघडत होती.