पेराएवढा ड्रॅगन

"माझा ड्रॅगन कुठंय?" वासिफनं विचारलं आणि चौघांनी पटावर पाहिलं.

पटावर किल्ले होते, जादूगार होते, राक्षसांच्या फौजा होत्या. बोटाच्या पेराएवढा लाल ड्रॅगन तेवढा नव्हता. आणि टीपॉयला धरून उभी असलेली वासिफ-गजालाची दीड वर्षांची जुनैरा तोंड हलवत होती.

गजालानं झडप घालून तिच्या तोंडात बोट घातलं. बिस्किटाचा लगदा निघाला. ड्रॅगन नाही.

"या अल्ला, गिळला काय गं? त्याचे पंख लई टोकदार हायेत!"

जुनैरा खुदकन हसली. दुसरं कुणी हसलं नाही. चौथी भिडू अश्लेषा मोबाईलचा टॉर्च लावून सोफ्याखाली पालथी पडली. तिथं एक मोजा सापडला. वासिफनं गाडीची किल्ली उचलली. "क्रांती चौकात एक दवाखाना रविवारी उघडा असतो. एक्स-रे काढू. चल!"

वैजनाथ मात्र जागचा हलला नाही. वासिफच्या गारखेड्यातल्या या घरी दर रविवारी डाव बसायचा आणि नियमांचं पुस्तक कायम त्याच्याच मांडीवर असायचं. फासा टेबलावरून घरंगळला तरी पुन्हा टाकायला लावणारा माणूस! पुढच्या खेळीत वासिफचा ड्रॅगन वैजनाथचा शेवटचा किल्ला जाळणार होता. मघाशी बाकीचे चहा आणायला उठले आणि या सोवळ्या गड्यानं ड्रॅगन उचलून पँटच्या खिशात टाकला. एक फेरी झाली की गुपचूप परत ठेवू, असा त्याचा बेत. आता तो मांडीला टोचत होता.

बोलावं तर अब्रू जाणार. खाली गाडी सुरू झाली, तसा तो अनवाणीच जिना उतरत धावला.

"थांबा! तिनं नाय गिळला. माझ्याजवळ हाय."

त्यानं तळहात पुढं केला. गजालानं ड्रॅगन उचलला, उलटसुलट केला, दोन्ही पंख चाचपले आणि पोरीला छातीशी धरून पायरीवर बसली. मोठ्यानं रडायला लागली. वासिफ गाडीवरून उतरला. आता कानाखाली बसणार, हे वैजनाथला दिसत होतं आणि त्याची त्याला काही हरकत नव्हती.

पण रडता रडता गजालालाच हसू फुटलं. "वैजनाथभाई, तुमी चोर निघाले, लई बरं झालं!"

वर येऊन डाव पुढं सुरू झाला. वासिफनं ड्रॅगन दणकन आपटला आणि शेवटचा किल्ला जळाला. एरवी अशा वेळी पुस्तक उघडून भांडणारा वैजनाथ बशीतला चहा भुरकत राहिला. जिंकूनही कधी त्याला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

एवढ्यात टीपॉयच्या कडेवरून एक चिमुकला हात ड्रॅगनकडं सरकला. वैजनाथनं झटकन ड्रॅगन उचलून खिशात टाकला. सगळे आपल्याकडं बघताहेत हे पाहून तो ओशाळला आणि पुन्हा काढायला लागला.

"राहू द्या," गजाला म्हणाली. "तिथंच बरा हाय तो."