फौजदारासाठी प्रार्थना

फौजदार एका हातानं पँट सावरत दारात उभे होते. पट्ट्याची भोकं संपली होती. कमरेत आवळून द्या, म्हणाले, तशी मावशीनं मशीन थांबवून त्यांना आत घेतलं. गल्लीभराचे कपडे शिवणाऱ्या या बाईला सगळेच मावशी म्हणत, फौजदारसुद्धा. महिन्यापूर्वी हाच माणूस तिच्या मुलाला न्यायला आला तेव्हा या दारात मावत नव्हता.

मुलानं चौकात घोषणा दिल्या होत्या. मागच्या दारानं तो सहज पसार झाला असता, पण मावशीनंच त्याला दंडाला धरून पुढे आणलं. सरकारच्या माणसाला पाठ दाखवायची नाही, हे तिनं त्याला लहानपणापासून शिकवलं होतं. जा, विचारतील ते खरं सांग, जेवायला घरी येशील, असं म्हणाली होती. तेव्हापासून ती रोज डबा घेऊन ठाण्यावर जायची आणि ‘उद्या या’ ऐकून भरला डबा परत आणायची.

आता तिनं फौजदारांना आरशासमोर उभं केलं, टाचण्या ओठांत धरल्या आणि कमरेला टेप लावली. जेवत नाही का साहेब, असं टाचण्यांच्या आडूनच विचारलं. जेवतो की, दोन माणसांचं जेवतो, फौजदार म्हणाले, पण अंगाला लागत नाही. डॉक्टर झाले, रक्त तपासून झालं, सगळं ठणठणीत. बायकोनं तर घर बदलू या म्हणून धोशा लावलाय. ते हसले, पण हसू काही जमलं नाही.

मग त्यांनी मुद्द्याला हात घातला. मावशीच्या चर्चचे पाळक ठाण्यात येऊन सांगून गेले होते. सत्तेवर असणाऱ्यांना मान द्यायचा तर तो तोंडदेखला कशाला, म्हणून मंडळीतल्या प्रत्येक घरानं ठाण्यातला एकेक जण वाटून घेतला होता. रोज सकाळी नाव घेऊन त्याच्यासाठी प्रार्थना करायची. चिठ्ठ्या काढल्या तेव्हा मावशीच्या हाताला नेमके फौजदार लागले. बदलून देऊ का, असं पाळकांनी हळूच विचारलंही होतं. ती नको म्हणाली होती.

"तुम्ही माझ्यासाठी काय मागता, मावशी?"

मावशीनं ओठांतल्या टाचण्या काढून उशीला टोचल्या. प्रार्थना अशी टाचण्या धरून बोलायची नसते.

"देवा, साहेबांना सांभाळ. ते माझ्या लेकाला जसं सांभाळतात, अगदी तसंच सांभाळ."

या प्रार्थनेचा तिला मनातून थोडा अभिमानच होता. पाळकांनाही ती आवडली होती. तिच्यात कोणाचं वाईट नव्हतं, वर लेकाचीही सोय झाली होती.

मावशी पायांची पट्टी दुमडायला खाली बसली. पँट जरा वर घेतली तर दोन्ही घोट्यांभोवती काळेनिळे वळ. बूट लागतात, फौजदार न विचारताच म्हणाले. कित्येक दिवस तळवे टेकवत नव्हते, म्हणाले, आणि भिंतीला टेकून, आवाज उतरवून, बाकीचंही सांगून टाकलं. रात्री दिवा मालवला तरी डोळ्यांवर उजेड तसाच राहतो, डोळा लागत नाही. कोरड्या अंथरुणात पडल्या पडल्या नाकातोंडात पाणी जातं आणि जीव घुसमटतो.

मावशीचा हात पट्टीवरच थांबला. ठाण्यात जे कोणी तिला सांगत नव्हतं, ते हा माणूस तिच्या घरात उभा राहून स्वतःच्या तोंडानं सांगत होता. हातातली टाचणी त्या घोट्यात खुपसावी, इतका तिला संताप आला. मग मुलाचा दंड धरलेला आपला हात आठवला आणि तिला रडूही येईना.

"माझ्या लेकाला पाणी प्यायला देता, साहेब, की नाकात घालता?"

फौजदार आरशात बघत नव्हते. वरून हुकूम येतो, मी हुकमाचा ताबेदार, म्हणाले. हुकूम मोडू नये हे तुम्हाला का सांगायला हवं, तुम्हीच तर मुलाला हवाली केलंत. मावशीनं पट्टीला टाचणी लावली.

"ते असू द्या," फौजदार म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मी खरं तर आभार मानायला आलोय. आज सकाळपासून सगळं थांबलं. वळ दिसतात, पण दुखत नाहीत. पाणी नाही, उजेड नाही. भूकसुद्धा नाही. एकदम शांत वाटतंय. तुम्ही प्रार्थना बदललीत ना?"

मावशी मशीनला धरून उठली.

"नाही, साहेब. आजही तीच केली."

फौजदारांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहून गेलं. मावशीनं त्यांचा हात हातात घेतला. तो गार होता. तिनं मनगटावर दोन बोटं ठेवली, नाडी लागेना. बोटं थोडी वर सरकवून पाहिली. मग तिनं हलक्या आवाजात दुसरा हात मागितला, आणि फौजदारांनी तो निमूट पुढे केला.